विश्लेषण : समुद्रातल्या जमिनीचा हिशेब मागणारे ठाण्याचे वीर नरिमन कोण होते? पालिकेच्या भूखंडांबाबत आज त्यांची आठवण का?

ठाणे असो वा कल्याण-डोंबिवली, महापालिकेचा एखादा भूखंड खासगी विकासकाच्या हाती जाणार अशी बातमी आली की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपासून स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपर्यंत तीच चर्चा सुरू होते. जमीन कितीला दिली, बदल्यात शहराला काय मिळणार आणि काम अर्धवट राहिले तर जबाबदार कोण? अशा शंका घेणाऱ्यांवर विकासविरोधी असल्याचा शिक्का लवकर बसतो. मात्र शंभर वर्षांपूर्वी ठाण्यात जन्मलेल्या एका पारशी वकिलाने हेच प्रश्न थेट मुंबई सरकारला विचारले होते. त्याबद्दल त्यांच्यावर फौजदारी खटला झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. नरिमन पॉइंट हे नाव ज्यांच्यावरून पडले, ते हे खुर्शेद फ्रामजी नरिमन.

कोण होते वीर नरिमन?

खुर्शेद फ्रामजी ऊर्फ के. एफ. नरिमन यांचा जन्म १८८३ मध्ये ठाण्यात झाला. ठाण्यात पारशी समाजाची जुनी वस्ती होती. टेंभी नाक्यावरची अग्यारी आजही त्याची साक्ष देते. नरिमन वकील झाले आणि त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली. १९२० च्या दशकात ते स्वराज पक्षातर्फे मुंबई विधिमंडळात, म्हणजे तेव्हाच्या लेजिस्लेटिव्ह कौन्सिलमध्ये होते. १९१९ च्या सुधारणांनंतर या कौन्सिलमध्ये लोकनियुक्त सदस्यांची संख्या वाढली होती. त्यांना सरकारला प्रश्न विचारता येत होते आणि अर्थसंकल्पावर बोलता येत होते. महत्त्वाच्या खात्यांची सूत्रे मात्र गव्हर्नरच्याच हाती होती.

या मर्यादित अधिकारांचा नरिमन यांनी पुरेपूर वापर केला. त्यांनी विषय निवडला तो सरकारच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लाडक्या बांधकामाचा, म्हणजे बॅकबे भराव योजनेचा.

बॅकबेची जमीन हा वाद आधीपासूनचा होता का?

होय. मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधल्या उथळ समुद्रात भराव टाकून जमीन तयार करण्याची कल्पना नरिमन यांच्या जन्माआधीची. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. हाती आलेल्या पैशातून भराव टाकणाऱ्या खासगी कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशन कंपनी त्यातली सर्वांत गाजलेली. तिच्या पाच हजार रुपयांच्या शेअरचा भाव पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्राच्या जागी जमीन तयार होण्याआधीच तिच्या नफ्याची खरेदी-विक्री सुरू झाली होती.

१८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर शेअर, बँका आणि अनेक घराणी बुडाली. जमिनीच्या भावी किमतीवर उभारलेला डोलारा किती ठिसूळ असतो, हे मुंबईने तेव्हाच पाहिले. पण या अनुभवाचा लवकरच विसर पडला.

१९२० ची योजना नेमकी काय होती?

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत जागेची प्रचंड टंचाई होती. गिरण्यांत कामाला आलेल्या कामगारांना घरे नव्हती, कार्यालयांना जागा नव्हती आणि भाडी वाढत होती. १९१८ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या सर जॉर्ज लॉईड यांनी यावर भव्य उपाय योजला. १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच ‘बीडीडी’, स्थापन झाले. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील बीडीडी चाळी याच खात्याने बांधल्या. ५० हजार खोल्यांचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात २०७ चाळींत सुमारे साडेसोळा हजार खोल्या झाल्या. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला.

याच खात्याकडे बॅकबेचे काम होते. कुलाब्यापासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्रात भिंत बांधायची, आत गाळ भरायचा आणि आठ टप्प्यांत म्हणजे आठ ‘ब्लॉक’मध्ये सुमारे १,१४५ एकर जमीन मिळवायची, असा आराखडा होता. खासगी मंडळी हे काम अंगावर घ्यायला तयार होती. पण नफा सरकारी तिजोरीत यावा म्हणून ते सरकारनेच करावे, असे लॉईड यांनी ठरवले. म्हणजे सरकार स्वतःच विकासक झाले. कर्ज काढून जमीन तयार करायची, ती चढ्या भावाने विकायची आणि त्यातून कर्ज फेडून वर नफा मिळवायचा, असे हे गणित होते.

गणित कुठे चुकले?

तीन ठिकाणी. पहिली चूक खर्चाची. सर जॉर्ज ब्युकॅनन या अभियंत्याने १९१९ मध्ये खर्चाचा अंदाज सुमारे ३ कोटी ६७ लाख रुपये दिला होता. काम हाती घेतल्यावर थोड्याच काळात हा आकडा सात कोटींवर गेला आणि त्यानंतरही वाढतच राहिला. कर्जावरचे व्याज वेगळेच.

दुसरी चूक तंत्राची. बंदरातला गाळ उपसून नळांतून बॅकबेत टाकण्यासाठी मोठे ड्रेजर आणले. त्यातल्या एकाला तर लॉईड यांचेच नाव होते. पण ताशी जितका गाळ निघेल असे कागदावर धरले होते, त्याच्या जवळपासही प्रत्यक्ष उपसा पोहोचला नाही. कांदिवलीच्या खाणींतून दगड आणून समुद्रात भिंत बांधली होती. तिच्या फटींतून आत भरलेला गाळ पुन्हा समुद्रात जात होता. लोकांचा पैसा शब्दशः पाण्यात चालला होता.

तिसरी चूक बाजाराची. योजना आखली तेव्हा युद्धोत्तर तेजी होती. जमीन तयार होईपर्यंत ती तेजी ओसरली. ज्या भावावर सगळा हिशेब बेतला होता, त्या भावाने जमीन घ्यायला कोणी राहिले नाही. मुंबईकरांनी या योजनेला लॉईडसाहेबांचा मूर्खपणा असे नाव देऊन टाकले. तोवर लॉईड यांची मुदत संपून ते १९२३ मध्ये मायदेशी परतलेही होते.

नरिमन यांनी काय केले?

नरिमन यांनी कौन्सिलमध्ये आणि बाहेर या योजनेचा पिच्छा पुरवला. अंदाज कोणी केला, कोणत्या आधारावर केला, ड्रेजरच्या कामाची मोजणी कोण करते, खरेदी कशी होते, असे त्यांचे प्रश्न रोकडे होते. घरबांधणीला किंवा शहराच्या वाढीला त्यांचा विरोध नव्हता. सरकार हिशेब उघड करत नाही, ही त्यांची तक्रार होती.

दबाव वाढत गेला आणि १९२६ मध्ये सर ग्रिमवूड मिअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. ख्यातनाम अभियंते सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हेही त्या समितीत होते. समितीच्या चौकशीत योजनेच्या आखणीतले आणि अंमलबजावणीतले दोष समोर आले. एका कौन्सिल सदस्याची टीका म्हणून ज्या शंका झटकल्या जात होत्या, त्यांची दखल आता सरकारी समितीलाच घ्यावी लागली.

मग नरिमन यांच्यावरच खटला का झाला?

नरिमन केवळ ढिसाळपणावर थांबले नाहीत. त्यांनी खात्यातील गैरव्यवहाराचे आरोप केले आणि त्यात हार्वे नावाच्या इंग्रज अभियंत्यावर बोट ठेवले. हार्वे यांनी त्यांच्याविरुद्ध बदनामीचा फौजदारी खटला भरला. मुंबईत तो हार्वे-नरिमन खटला म्हणून गाजला.

कायद्याच्या दृष्टीने नरिमन यांची बाजू सोपी नव्हती. बदनामीच्या गुन्ह्यात केलेले विधान खरे आणि सार्वजनिक हिताचे होते, किंवा ते योग्य काळजी घेऊन सद्हेतूने केले होते, हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवरच येते. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेत ही तरतूद कलम ४९९ मध्ये होती, आज ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. म्हणजे ज्याच्या हाती सरकारी कागद नाहीत, त्यानेच सरकारी कामातला घोळ कोर्टात मांडायचा. समोर साम्राज्याचे अख्खे खाते आणि गोरा अधिकारी होता.

१९२८ मध्ये नरिमन निर्दोष सुटले. परकीय राजवटीत, परकीय राजवटीच्याच कोर्टात हिंदी माणसाने एका इंग्रज अधिकाऱ्याविरुद्ध मिळवलेला हा विजय होता. लोकांनी नरिमन यांना ‘वीर’ म्हणायला सुरुवात केली आणि ते विशेषण त्यांच्या नावाला कायमचे चिकटले.

योजनेचे पुढे काय झाले?

आठपैकी चारच ब्लॉक पुरे झाले. १,१४५ एकरांचे स्वप्न सुमारे ४४० एकरांवर थांबले. त्यातली २३५ एकर जमीन कुलाब्याच्या बाजूला लष्कराला देण्यात आली. चर्चगेट आणि मरीन लाइन्सच्या बाजूच्या भरावावर पुढे मरीन ड्राइव्ह आणि त्यालगतच्या इमारती उभ्या राहिल्या. आज मुंबईची ओळख बनलेला हा किनारा त्या फसलेल्या हिशेबातूनच मिळाला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जमीन अखेर उपयोगी पडली म्हणून नरिमन यांचे प्रश्न चुकीचे ठरत नाहीत. इमारत देखणी होणे ही एक बाब आणि तिच्यासाठी लोकांनी मोजलेली किंमत रास्त असणे ही दुसरी. त्या किमतीचा हिशेब कोणी मागितलाच नसता, तर उरलेल्या चार ब्लॉकसाठीही कर्ज वाढतच राहिले असते.

हिशेब मागणाऱ्याला काय मिळाले?

खटल्यानंतर नरिमन यांची लोकप्रियता वाढत गेली. सायमन कमिशनवरील बहिष्काराच्या काळात मुंबईच्या तरुणांचे ते पुढारी होते. १९२८ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्यात भरलेल्या अखिल भारतीय युवक काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात ते मुंबई काँग्रेसच्या आघाडीवर होते आणि तुरुंगात गेले. मुंबई प्रांतिक काँग्रेस समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. ज्या शहराच्या जमिनीसाठी ते भांडले, त्याचे प्रथम नागरिक होण्याचा मान त्यांना मिळाला.

१९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका होऊन काँग्रेसचे मंत्रिमंडळ बनायचे ठरले. तेव्हा मुंबई प्रांताचे पंतप्रधानपद नरिमन यांच्याकडे जाईल असा अनेकांचा कयास होता. निवड झाली ती बाळासाहेब खेर यांची. सरदार वल्लभभाई पटेल यांनी आपले वजन वापरून आपल्याला डावलले, अशी तक्रार नरिमन यांनी केली. दुसऱ्या बाजूने, १९३४ च्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या निवडणुकीत नरिमन यांनी पक्षाच्या उमेदवाराचे काम नीट केले नाही, असा आरोप होता. त्या निवडणुकीत मुंबईत कन्हैयालाल मुन्शी पराभूत झाले होते.

महात्मा गांधी आणि कायदेपंडित डी. एन. बहादूरजी यांनी चौकशी केली आणि निष्कर्ष नरिमन यांच्या विरोधात गेला. तो त्यांनी आधी मान्य केला, मग फिरवला. काँग्रेस कार्यकारिणीने त्यांना पक्षातील जबाबदारीच्या पदांना अपात्र ठरवले. पुढे मौलाना आझाद यांनी आपल्या आत्मकथनात या प्रकरणात नरिमन यांच्यावर अन्याय झाल्याचे मत नोंदवले. इतिहासकारांमध्ये यावर आजही दोन बाजू आहेत. सरकारशी लढताना उपयोगी पडलेला त्यांचा हट्टी स्वभाव पक्षात मात्र त्यांना महागात पडला, एवढे म्हणता येते. नंतरच्या काळात ते सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉककडे वळले. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षभरातच, १९४८ मध्ये, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

नरिमन पॉइंटवरच पुन्हा तोच वाद कसा उभा राहिला?

चर्चगेटवरून जाणाऱ्या रस्त्याला वीर नरिमन रोड हे नाव मिळाले. बॅकबेच्या राहिलेल्या ब्लॉकपैकी काही भागावर १९६० नंतर पुन्हा भराव पडला आणि त्या टोकाला नरिमन पॉइंट म्हटले जाऊ लागले. आता सरकार स्वतंत्र भारतातील राज्याचे होते. जमीन सार्वजनिक होती आणि ती खासगी बांधकाम व्यावसायिकांना भाडेपट्ट्याने देण्यात येत होती.

यातले काही भूखंड जाहीर बोली न मागवता दिल्याचा आक्षेप घेत १९७४ मध्ये वास्तुविशारद आणि खासदार पिलू मोदी व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. खुल्या स्पर्धेत जास्त पैसे मिळाले असते, तर ते कमी घेण्याचा अधिकार सरकारला कोणी दिला, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता. जमीन सरकारच्या नावावर असली तरी ती लोकांची ठेव आहे, हा युक्तिवाद त्यानंतर अनेक भूखंड प्रकरणांत पुढे येत राहिला. ज्यांनी बॅकबेचा हिशेब मागितला, त्यांच्याच नावाच्या जमिनीचा हिशेब पुढच्या पिढीला कोर्टात मागावा लागला.

ठाणे, कल्याण-डोंबिवलीत आज कायदा काय सांगतो?

ठाणे महापालिका १९८२ मध्ये आणि कल्याण-डोंबिवली महापालिका १९८३ मध्ये स्थापन झाली. दोन्हींना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्याचे कलम ७९ पालिकेची मालमत्ता विकण्या-देण्याविषयी आहे. मोठ्या व्यवहारासाठी महासभेची मंजुरी लागते आणि मिळणारा मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा, असे हे कलम सांगते.

व्यवहारात मात्र जमीन थेट विकली जाण्याचे प्रसंग कमी असतात. ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणजे बीओटी पद्धतीत विकासक बांधकाम करतो आणि ठरलेली वर्षे उत्पन्न घेतो. समावेशक आरक्षणात उद्यान, मंडई किंवा शाळेसाठी राखीव भूखंडाचा काही भाग विकासक बांधून पालिकेला देतो आणि उरलेल्यावर स्वतःचे बांधकाम करतो. कधी सुविधा बांधून देण्याच्या बदल्यात टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क दिला जातो. या पद्धतींत रोख रक्कम दिसत नाही, त्यामुळे कोणी किती दिले आणि किती घेतले हे सामान्य माणसाला चटकन कळत नाही. लोकांच्या संशयाला इथेच जागा मिळते.

त्यात आणखी एक भर पडली. कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून पुढची काही वर्षे लोकनियुक्त महासभाच नव्हती, प्रशासकाचा कारभार होता. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा अधिकारी एकच असेल, तर सभागृहात उभे राहून प्रश्न विचारायला कोणी उरत नाही. नरिमन यांच्या हाती परकीय राजवटीतही निदान तेवढे सभागृह होते.

नरिमन यांच्या लढ्यातून आज काय घेता येईल?

त्यांच्या प्रश्नांची यादी आजही उपयोगी आहे. भूखंडाचे मूल्यांकन कोणी आणि कोणत्या तारखेच्या भावाने केले? बोली खुली होती का आणि किती जण उतरले? पालिकेच्या वाट्याला नेमके किती चौरस मीटर बांधकाम, कधी येणार? मुदत पाळली नाही तर दंड किती आणि जमीन परत घेण्याची अट करारात आहे का? काम झाले की नाही हे मोजणारा विकासकापासून स्वतंत्र आहे का?

नरिमन यांना कागद मिळवण्यासाठी झगडावे लागले. आज २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर करारनामा, निविदा आणि मूल्यांकन अहवाल मागता येतो. विकास आराखड्यातील आरक्षण बदलायचे असेल तर त्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ही मुदत मर्यादित असते आणि बहुतेकांना ती संपल्यावर जाग येते. बॅकबेच्या बाबतीतही तेच झाले. चौकशी समिती बसली तोवर कर्ज काढलेले होते, ड्रेजर आलेले होते आणि भिंत समुद्रात उभी होती.

डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला उतरणारे हजारो नोकरदार फोर्टमधून चालत वीर नरिमन रोडवर येतात. पुढे त्याच रस्त्याने मरीन ड्राइव्हला पोहोचता येते. सरळ जाणारा हा रस्ता जिथे समुद्राला भिडतो, तिथली पायाखालची जमीन एकेकाळी पाणी होती. त्या पाण्यात लोकांचे किती पैसे गेले, हे ठाण्यात जन्मलेल्या माणसाने विचारले म्हणून नोंदले गेले.